हेरगिरीच्या विमानातून आकाशाचा ताळा

विश्व कोणत्याही दिशेने सारखंच दिसतं, या गृहीतावर विश्वशास्त्राची गणितं उभी आहेत. ते तपासायला १९७०च्या दशकात बर्कलीच्या जॉर्ज स्मूट, मार्क गोरेन्स्टाइन आणि रिचर्ड म्युलर यांनी निवडलं यू-२, हेरगिरीसाठी बांधलेलं विमान. महास्फोटाचं उरलेलं प्रारण आकाशभर २.७ केल्विन तापमानाचं. त्यात दिशेगणिक काही सहस्रांश अंशांचा फरक असेल तर तो पकडायचा होता. जमिनीवरून पाहावं तर हवेतल्या बाष्पाचा अडथळा. वीस किलोमीटर उंचीवर ते जवळपास सगळं खाली राहतं.

विमानाच्या पाठीतून दोन कर्णाकृती अँटेना ६० अंशांच्या अंतराने वर रोखलेले असत. मधला ३३ गिगाहर्ट्‌झचा रेडिओमीटर फक्त त्यांच्यातला फरक टिपायचा. पण एक अँटेनाच जरा उष्ण असला तर? म्हणून थोड्या थोड्या वेळाने अख्खी जोडी अर्धा फेरा फिरवून जागा बदलत, पारडी बदलून तराजूची खोट ओळखावी तशी. फरक दिशेला चिकटून राहिला तर आकाशाचा, अँटेनाबरोबर फिरला तर यंत्राचा. विमान किंचित कललं तरी एका बाजूला जास्त हवा दिसणार. त्यावर पहारा ठेवायला ऑक्सिजनचं प्रारण मोजणारा ५४ गिगाहर्ट्‌झचा दुसरा रेडिओमीटर. स्वतःवरचा हा संशय मला या यंत्राचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

१९७७ साली निकाल आला. सिंह राशीकडे आकाश सुमारे साडेतीन सहस्रांश केल्विनने उबदार, विरुद्ध बाजूला तेवढंच थंड. आपण सेकंदाला साधारण ३९० किलोमीटर वेगाने सिंह राशीकडे धावतो आहोत, असा त्याचा अर्थ. सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरतो तो बऱ्याच अंशी उलट दिशेने, म्हणजे आकाशगंगाच सेकंदाला सुमारे ६०० किलोमीटरने चाललेली. आपल्या धावण्याचा हा परिणाम वजा केला की आकाश जवळपास सपाट होतं. त्यातले लाखात एक भागाचे चढउतार १९९२ मध्ये कोबे उपग्रहाने दाखवले, तेही फरक मोजणाऱ्या रेडिओमीटरनेच.

आपण खरोखर धावत असू, तर त्या बाजूला दूरच्या रेडिओ आकाशगंगाही किंचित जास्त मोजल्या जायला हव्यात. एलिस आणि बाल्डविन यांनी १९८४ मध्ये ही कसोटी सुचवली. पुढे झालेल्या गणनांत दिशा साधारण जुळली, असमतोल मात्र अपेक्षेहून मोठा निघाला. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीने केलेल्या १५० मेगाहर्ट्‌झच्या सर्वेक्षणात तर कितीतरी पटींनी. तिथे तीव्रतेच्या मापनातच दिशेनुसार चूक शिरली असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. एकदा तयार झालेल्या यादीत अँटेनांची अदलाबदल करता येत नाही. दुसऱ्या यंत्राने, दुसऱ्या तरंगलांबीत पुन्हा मोजणं एवढाच मार्ग उरतो. वाइज उपग्रहाच्या अवरक्त निरीक्षणांतून निवडलेल्या १३ लाखांहून अधिक क्वेसारांची, म्हणजे दूरच्या आकाशगंगांच्या अतितेजस्वी केंद्रांची, अशी गणना २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिथेही असमतोल अपेक्षेच्या दुप्पट भरला.