गदा एक, मल्ल नऊशे

आधी एक हिशेब करू. महाराष्ट्र केसरीला राज्यभरातून जिल्ह्यांचे आणि शहरांचे मिळून ४५च्या आसपास संघ उतरतात. वजनगट दहा. प्रत्येक गटात संघाचा एक पैलवान मातीवर, एक गादीवर. म्हणजे एका संघाचे २० आणि सगळ्यांचे मिळून ९००! बाद पद्धतीत ४५ जणांतून एक विजेता काढायला ४४ कुस्त्या लागतात. माती-गादीच्या वीस गटांच्या मिळून झाल्या ८८०. आखाडा एकच असता आणि प्रत्येक कुस्ती पूर्ण सहा मिनिटं चालली असती, तर रात्रंदिवस न थांबता ८८ तास नुसती झोंबाझोंबी! म्हणूनच तिथे एकाच वेळी अनेक आखाड्यांवर शिट्ट्या वाजत असतात आणि आपला पैलवान नेमका कुठे लढतोय हे शोधताना गावाकडून आलेल्या मंडळींची धावपळ उडते.

टीव्हीवर दिसते ती शेवटची कुस्ती. पण १९६१पासून चालत आलेली ही स्पर्धा खरी जिंकली जाते ती दोन कुस्त्यांच्या मधल्या वेळात, असं माझं ठाम मत आहे. त्या मधल्या वेळाच्या तयारीतल्या या काही भन्नाट गोष्टी.

जत्रेत एक, इथे सात

गावच्या मैदानात जोड आधीच ठरलेली असते. समोर कोण येणार, तो पट काढतो की ढाक लावतो, हे वस्तादाला महिनाभर आधी ठाऊक. पैलवान एकच कुस्ती लढतो आणि फेटा बांधून घरी जातो. स्पर्धेत ४५ जणांच्या गटातून वर यायला पाच किंवा सहा कुस्त्या जिंकाव्या लागतात. ज्याच्या विजेत्याला गदा मिळते त्या केसरी गटात त्यानंतर मातीचा विजेता आणि गादीचा विजेता यांची आणखी एक. सातवी कुस्ती पहिलीइतक्याच ताकदीने लढायची, तर पहिल्या दोन-तीन लवकर संपवता आल्या पाहिजेत. चीतपट केली तर उत्तमच. नाहीतर फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी मिळाली की पंच कुस्ती तिथेच थांबवतात. त्यामुळे शहाणा वस्ताद सुरुवातीच्या फेऱ्यांत पट्ठ्याला नुसतं जिंकायला सांगत नाही, लवकर जिंकायला सांगतो.

पहिला प्रतिस्पर्धी: काटा

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २०१८पासून कुस्तीच्या दिवशीच सकाळी वजन होतं. पूर्वी आदल्या दिवशी व्हायचं. त्यामुळे पाणी तोडून वजन उतरवायचं आणि रात्रभर खाऊन-पिऊन ताजं व्हायचं, हा जुना मार्ग बंद झाला. त्यातच गट दोन दिवसांचा, म्हणून अंतिम फेरीवाल्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा काट्यावर उभं राहावं लागतं. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाटने पहिल्या दिवशी जपानच्या युई सुसाकीला हरवलं. तोवर सुसाकी आंतरराष्ट्रीय कुस्तीत एकदाही हरली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ५० किलोच्या गटात विनेशचं वजन १०० ग्रॅम जास्त भरलं आणि ती बाद झाली. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतने उपांत्य लढत हरल्यावर साधारण दहा तासांत ४.६ किलो वजन उतरवलं आणि कांस्यपदक मिळवलं.

अमनसोबत प्रशिक्षक आणि फिजिओ रात्रभर जागे होते. तालमीतल्या पोराने त्याची नक्कल करू नये, हे मला कळकळीने सांगायचं आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत साधारण महिनाभरात तीन कॉलेजकुमार पैलवान असंच घाईघाईने वजन उतरवताना दगावले आणि तिथले नियम बदलावे लागले. शरीरातलं पाणी वजनाच्या दोन टक्क्यांनी कमी झालं तरी दम कमी पडू लागतो. वजन उतरवायचंच असेल तर कित्येक आठवडे आधी, हळूहळू, ताटातून.

८६ विरुद्ध १२५

केसरी गटाची मजा वेगळी. इथे ८६ ते १२५ किलोपर्यंतचे सगळे एकाच गटात! समोरचा ३९ किलोंनी जड असू शकतो. पण जडच जिंकतो असं नाही. नरसिंग यादव आंतरराष्ट्रीय आखाड्यात ७४ किलोत खेळायचा. २०१५च्या जागतिक स्पर्धेत त्याच वजनात त्याने कांस्य मिळवलं. याच नरसिंगने २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेतली. त्याच्यामागोमाग जळगाव जिल्ह्यातल्या विजय चौधरीनेही २०१४ ते २०१६ अशी सलग तीन वर्षं तेच केलं.

सकाळी मटण नको

पैलवानाचा खुराक म्हटला की डोळ्यांपुढे येते थंडाई: भिजवलेले बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, कुंडीत घोटून दुधात घातलेली. सोबत तूप आणि मटणाचा रस्सा. हे सगळं तालमीतल्या महिन्यांसाठी. स्पर्धेच्या सकाळी त्यातलं काहीच उपयोगाचं नाही, कारण चरबी आणि मांस पोटात तासन् तास बसून राहतं आणि पुकारा केव्हा होईल याचा भरवसा नसतो. काट्यावरून उतरल्यावर केळी, खजूर, शहाळं, मऊ भात, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. थोडं थोडं, पण दिवसभर. रोजच्या सवयीचंच खायचं. नवं काही करून बघण्याचा तो दिवस नव्हे.

माती चोळा, तेल पुसा

आखाड्याची लाल माती नुसती माती नसते. तेल, ताक, लिंबू, हळद, कापूर घालून ती मुरवलेली असते. ती फावड्याने उकरणं हाच एक व्यायाम. मातीतला पैलवान अंगाला माती चोळतो, म्हणजे घाम शोषला जातो आणि हात घसरत नाही. पाय अनवाणी. गादीवर सगळं उलटं. अंगाला तेल किंवा कसलाही ओशट पदार्थ लावून आलात तर चालत नाही, पायात बूट लागतात आणि कॉश्च्युम लाल किंवा निळा. मातीत पाय रुततो, कुस्ती मुरत जाते. गादीवर वेग चालतो आणि नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळाबाहेर पाय पडला तरी समोरच्याला एक गुण. सरावात फक्त माती आणि स्पर्धेत गादी, असं करणाऱ्याचा निम्मा दम नुसतं पायांना समजावण्यात जातो.

नखं कापली का?

वजनाच्या आधी वैद्यकीय तपासणी होते. नखं वाढलेली नसावीत आणि अंगावर संसर्गजन्य त्वचारोग नसावा. महिनोन् महिने जोर मारून आलेला गडी एखाद्या गजकर्णापायी परत जाऊ शकतो. म्हणून सरावानंतर लगेच आंघोळ, स्वतःचा टॉवेल आणि रोज धुतलेला लंगोट. याला कुणी नखरा म्हणू नये.

आणि ते मोडलेले कान! घर्षणाने आणि दाबाने कानाच्या कूर्चेवर रक्त साकळतं. ते वेळेवर काढलं नाही तर कान कायमचा घट्ट आणि वेडावाकडा होतो. अनेकांना ते पैलवानकीचं बिरुद वाटतं. मला विचाराल तर लवकर डॉक्टर गाठावा. डाव यायला कान मोडावा लागत नाही.

शिट्टी नक्की कुणाची?

शेजारच्या गादीवर शिट्टी वाजली आणि आपला गडी थांबला की समोरच्याने पट काढलाच समजा. गर्दीच्या स्पर्धेतला हा खरा धोका. म्हणून तालमीतच एका वेळी तीन-चार जोड्या लावून, गोंगाटात, आपल्याच पंचाकडे लक्ष ठेवायची सवय लावावी लागते. पंचाच्या डाव्या हातावर लाल आणि उजव्यावर निळी पट्टी असते. ज्या रंगाचा हात वर होतो, गुण त्या रंगाचा. पाठीमागून येणाऱ्या शेकडो आवाजांत वस्तादाचा आवाज ओळखणं हीसुद्धा कमावायची गोष्ट आहे.

पुकाऱ्याचंही तसंच. आंतरराष्ट्रीय नियमात तीनदा नाव पुकारतात. तरीही आला नाही तर कुस्ती गेली. म्हणून एक जोडीदार फक्त कान देऊन बसतो, दुसरा अंग गरम ठेवायला खडाखडी करतो. मल्ल स्वतः ट्रॅकसूट घालून पाय वर करून पडलेला बरा. गॅलरीत उभं राहून मित्रांच्या कुस्त्या बघण्यात पायांचा जीव जातो.

शेवटचा गुण

गुण समान झाले तर काय? आधी पाहतात मोठ्या गुणांचा डाव कुणी मारला. मग कुणाला ताकीद कमी. तरीही बरोबरी राहिली तर ज्याने शेवटचा गुण घेतला तो विजयी. म्हणजे १-१ असताना शेवटच्या वीस सेकंदांत कुणी धडपडायचं आणि कुणी सावध राहायचं, हे आधीच पाठ हवं. साताऱ्यात २०२२ मध्ये कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने विशाल बनकरवर ५-४ असा एका गुणाने विजय मिळवला आणि विनोद चौगुलेंच्या २०००च्या विजयानंतर गदा पुन्हा कोल्हापूरला नेली. विनोद यांचे वडील दादू चौगुले हेही महाराष्ट्र केसरी! घराण्यांचा विषय निघालाच आहे तर सोलापूरजवळच्या बोरामणीच्या शेख घराण्याला विसरता येणार नाही: इस्माईल १९८०, आप्पालाल १९९२, मुन्नालाल २००२.

खाशाबांना न मिळालेली विश्रांती

मधला वेळ किती मोलाचा, हे कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांइतकं कुणालाच कळलं नसेल. १९४८ला लंडनमध्ये ते गेले तेव्हा गादीवरची कुस्ती त्यांना नवी होती. तरी सहावे आले. १९५२च्या हेलसिंकीसाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तिथे जपानच्या शोहाची इशीशी खाशाबा पंधरा मिनिटांच्या आसपास झुंजले आणि थोडक्यात हरले. लगेच सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावणं आलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो मागायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असं सांगितलं जातं. थकलेले खाशाबा हरले आणि पदक कांस्य ठरलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. इशीला सुवर्ण मिळालं, सोव्हिएत मल्लाला रौप्य. नियमांची वही घेऊन सोबत उभा राहणारा एक जाणता माणूस हा तयारीचा केवढा मोठा भाग आहे!

वर्षाची मेहनत, मिनिटाची कुस्ती

जानेवारी २०२३, पुणे: शिवराज राक्षेने महेंद्र गायकवाडला अंतिम लढतीत एका मिनिटाच्या आत चीतपट केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदर शेखने शिवराजला अर्ध्या मिनिटाच्या आत लोळवलं. इतक्या कुस्त्या लढून आल्यावर पहिल्या क्षणी कोण ताजा, यावर निकाल लागून जातो.

आणि जानेवारी २०२०ची ती अंतिम कुस्ती. हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके, दोघेही काका पवारांच्या तालमीतले, रोज एकमेकांशी झटणारे. एक गादीतून आला, एक मातीतून. हर्षवर्धन जिंकला आणि त्याने लगेच शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं.

मुलींचीही गर्दी आता सुरू झाली आहे. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. तालमीच्या दारात मुलगी उभी राहिली तर वस्तादांनी तिला आत घ्यावं.

पुढची महाराष्ट्र केसरी तुमच्या जवळपास भरली, तर फक्त शेवटच्या संध्याकाळी जाऊ नका. पहिल्या दिवशी सकाळी, वजनाची रांग लागते तेव्हा जा. लहान गटांच्या कुस्त्या पाहा. तुमच्या तालुक्यातला ५७ किलोचा पोरगा तिथे लढत असतो आणि त्याच्यासाठी ओरडायला माणसं कमी असतात.