टिंबापुढचा आकडा

मनगटाजवळ हाड मोडलं, की कोड एस ५२.५. पण ते कशानं मोडलं, याचा कोड वेगळा लावावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणात जखमी सायकलस्वारांसाठी व्ही १० ते व्ही १९ ही घरं राखून ठेवलेली आहेत. धडक कोणाशी झाली, यावर घर ठरतं: माणूस किंवा जनावर १०, दुसरी सायकल ११, मोटारसायकल किंवा रिक्षा १२, मोटार १३, ट्रक-बस १४, थेट रेल्वे असेल तर १५. विजेच्या खांबावर आदळलात तर १७. कोणाशीही न भिडता आपले आपणच घसरलात, तर १८.

टिंबापुढचा आकडा जास्त गमतीचा. रस्त्यात ट्रकनं उडवलं, तर सायकल चालवणारा बाप व्ही १४.४ आणि मागे कॅरिअरवर बसलेली मुलगी व्ही १४.५. धडक झालीच नाही, नुसता तिचा पाय चाकाच्या तारांत अडकला, तर व्ही १९.८.

सगळी मदार केसपेपरवर. रात्री दोनच्या गर्दीत तिथे ‘सायकलवरून पडून दुखापत’ एवढंच खरडलं, की कोड लागतो व्ही १८ चा आणि हँडलला घासून गेलेला टेम्पो नोंदीतून गायब! कोड लावणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. कागदावर नसलेला टेम्पो तो आणणार कुठून? ‘मागून टेम्पोची धडक’ हे तीन शब्द डॉक्टरांनीच लिहायला हवेत.