आधी मागची बाजू पाहा

चाकणजवळच्या निघोजेच्या शिवारात महिंद्रा आणि फोक्सवॅगनचे कारखाने आहेत. या पट्ट्यातल्या क्वालिटी विभागात काम करणाऱ्याला झाइस, लाइट्झ, लायका ही नावे कॅमेऱ्यामुळे नव्हे, मोजमापाच्या यंत्रांमुळे ठाऊक असतात. झाइसची सीएमएम (सुट्या भागांची मापे घेणारे यंत्र), लायकाचा लेझर ट्रॅकर, आणि आजही जर्मनीतल्या वेट्झलार गावी बनणारी लाइट्झ नावाची सीएमएम. याच वेट्झलारमध्ये, लाइट्झच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाकने लायका हा छोटा कॅमेरा घडवला. चाकण-भोसरीच्या माणसाला जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याची लेन्स घ्यायची झाली, की मात्र तो आपले शिक्षण बाहेर ठेवून येतो आणि पुढच्या कड्यावर कोरलेले नाव वाचून पैसे मोजतो. माझे म्हणणे उलटे आहे. लेन्सचा सर्वात कमी भरवशाचा पुरावा म्हणजे तिच्यावरचे नाव. खरी ओळख मागच्या बाजूला असते आणि ती वाचायची नसते, मोजायची असते. पुरवठादाराच्या खोक्यावर काय छापले आहे ते पाहून इनकमिंग तपासणीवाला माल आत घेत नाही, तेवढीच शिस्त इथे पुरते.

पार्श्वभूमी थोडक्यात उरकतो. लायका 1925 साली बाजारात आला. 1930 पासून त्याच्या लेन्सा अदलाबदल करण्याजोग्या झाल्या. 1932 मध्ये अंतर मोजणारा रेंजफाइंडर लेन्सशी जोडला गेला आणि त्याच वर्षी झाइसचा काँटॅक्स आला. खार्कोव्हच्या फेडने 1934 पासून आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या झोर्कीने 1948 पासून लायकाचा साचा उचलला. जपानी कॅनन आणि निकॉननेही त्याच आट्यांच्या लेन्सा केल्या. लायकाने 1954 मध्ये एम-3 आणून आट्यांऐवजी बायोनेट स्वीकारला, पण जुन्या लेन्सा वाऱ्यावर सोडल्या नाहीत. आट्यांच्या कॅमेऱ्यात बसणीपासून फिल्मपर्यंतचे अंतर 28.8 मिलिमीटर होते, नव्यात ते 27.8 ठेवले. मधल्या एका मिलिमीटरात बरोबर एक कडे बसते, आणि जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालते. इतका दूरचा विचार करणारे डिझाइन क्वचितच दिसते.

आता आट्यांकडे येऊ, कारण सगळी गंमत तिथे आहे. जाहिरातीत ‘एम-39, लायका माउंट’ असे लिहिलेले असते. 39 मिलिमीटर व्यास खरा, पण पीच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, कुठली? लायकाचे आटे मेट्रिक नाहीत. जर्मन कारखान्याने ते इंचाला 26 असे, इंग्रजी व्हिटवर्थ घाटाचे कापले. लाइट्झ मुळात सूक्ष्मदर्शकवाले, आणि सूक्ष्मदर्शकाच्या ऑब्जेक्टिव्हचे जगभर चालणारे आटेही व्हिटवर्थच, इंचाला 36. सवय तिथूनच आली असावी. सव्वीस आटे म्हणजे पीच 0.977 मिलिमीटर. सुरुवातीच्या सोव्हिएत लेन्सांवर ती सरळ 1 मिलिमीटर आहे. एका फेऱ्यात 0.023 चा फरक, चार फेऱ्यांत 0.09. म्हणून अशी लेन्स एक-दोन फेरे गुमान जाते आणि मग अडते. विक्रेता म्हणतो, ‘जरा जोर लावा.’ जोर लावू नये. थ्रेड गेजचे पाते आट्यांवर टेकवले, की उजेडाच्या फटीतून उत्तर मिळते, आणि ते पाते या पट्ट्यातल्या कुठल्याही टूलरूममध्ये आहे.

पीच जुळली म्हणून काम संपले असेही नाही. झेनिट या सोव्हिएत एसएलआरच्या सुरुवातीच्या लेन्साही 39 मिलिमीटर आट्यांच्याच, पण त्यांना फिल्मपासून 45.2 मिलिमीटर अंतर लागते. रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर त्या 16.4 मिलिमीटर जास्त आत बसतात आणि जवळचे, लांबचे काहीच स्पष्ट येत नाही. इंडुस्टार-50 ही सोव्हिएत लेन्स तर दोन्ही रूपांत निघाली आणि दोघींच्या कड्यावर नाव एकच. एन्लार्जरच्या अनेक लेन्साही याच आट्यांच्या असतात. त्यांना फोकसचे कडेच नसते. मग फरक कळायचा कसा? लेन्स उलटी करा. रेंजफाइंडरच्या लेन्सला मागे पितळेचे गुळगुळीत कडे किंवा तिरकी कडा असते, आणि फोकस फिरवला की ती आत-बाहेर सरकते. कॅमेऱ्याच्या आतला दांडा याच कडेवर टेकून अंतर ओळखतो. पन्नास मिलिमीटरच्या लेन्समध्ये हे कडे लेन्सइतकेच सरकते. पस्तीस किंवा नव्वदमध्ये त्याची चाल वेगळी ठेवावी लागते, कारण कॅमेऱ्याला फक्त पन्नासची भाषा कळते. मागे सरकणारे काहीच नसेल, तर पुढे ‘लायका माउंट’ शंभरदा लिहिलेले असले तरी ती रेंजफाइंडरची लेन्स नव्हे.

ही चाल किती नेमकी लागते, त्याचा हिशेब सोपा आहे. लेन्स 0.1 मिलिमीटरने चुकीच्या जागी बसली, तर एफ/2 ला बिंदूचा ठिपका 0.05 मिलिमीटरचा होतो. छोट्या फिल्मसाठी 0.03 पर्यंत चालवून घेतात. एफ/3.5 ला तीच चूक 0.029 वर येते, म्हणजे कशीबशी पास. लाइट्झच्या जुन्या एल्मारच्या मानाने ज्युपिटरसारख्या तेजस्वी लेन्सा जास्त हुज्जत का घालतात, ते इथे समजते. ज्युपिटर-8 ही लुडविग बर्टेलेच्या झाइस झोनारची सोव्हिएत आवृत्ती. झोनार परंपरेत ‘पन्नास’ म्हणजे प्रत्यक्षात 52.4 मिलिमीटर आणि लायकाच्या परंपरेत 51.6. अनंतावर दोन्ही जुळवता येतात. एक मीटरवर मात्र पहिलीला 2.90 आणि दुसरीला 2.81 मिलिमीटर पुढे यावे लागते. लायकावर ज्युपिटर लावून डोळ्यांवर फोकस धरला, की खरा फोकस सुमारे तीन सेंटिमीटर मागे जातो. लेन्स खराब नसते, कॅमेराही नसतो.

यावर पहिला आक्षेप असा, की संग्राहक नावालाच पैसे देतो आणि क्रमांकावरून साल कळते, मग नाव कसे सोडायचे? सोडू नका, शेवटी वाचा. लाइट्झ क्रमांकांचे गठ्ठे आधीच वाटून ठेवत असे, त्यामुळे क्रमांक अंदाज देतो, जन्मदाखला नव्हे. सोव्हिएत लेन्सांवर पुढे पहिले दोन अंक बहुतेकदा सालाचे असतात, तो आधार बरा. पण कोरीव काम पुसून नवे करणे हा जुना धंदा आहे. फेड आणि झोर्की घासून त्यांवर लायकाचे नाव, जर्मन हवाई दलाचे गरुड नाहीतर 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकची खूण कोरून, वर सोनेरी मुलामा देऊन विकलेले नग जगभर फिरतात, आणि त्यांच्यावरची ‘एल्मार’ म्हणजे नाव बदललेली इंडुस्टार. ही पकडण्याची युक्ती मला सर्वांत आवडते. मॅक्स बेरेकने एल्मारमध्ये अ‍ॅपर्चरची पाती पहिल्या काचेच्या लगेच मागे ठेवली. इंडुस्टार-22 मध्ये ती दुसऱ्या काचेच्या मागे आहेत. अ‍ॅपर्चर पूर्ण बंद करून पुढून पाहा, पाती किती खोल दिसतात ते कळते. कडे नव्याने कोरता येते, पण भिंगांमधली जागा बदलायला कुणी बसत नाही. कॅमेराही सोबत असेल तर आतला दांडा पाहावा: लायकाच्या टोकाला गोल चाक असते, फेड-झोर्कीच्या टोकाला जिभेसारखा तुकडा.

दुसरा आक्षेप: नकली असली तरी फोटो चांगले येतात ना? येतात. इंडुस्टार साधी, प्रामाणिक लेन्स आहे. तिला इंडुस्टारचा भाव द्यावा. अनोळखी नावाखाली उत्तम काच असते, हे तर 1950 मध्येच सिद्ध झाले. ‘लाइफ’चा छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन याने तेव्हा जपानबाहेर फारशा माहीत नसलेल्या निकॉर लेन्सा आपल्या लायकांवर चढवून कोरियाचे युद्ध टिपले. त्याने नाव नाही, निगेटिव्ह तपासली.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी किंवा मुंबईच्या चोर बाजारात गर्दीत उभे राहून कोण गेज लावू देणार? पूर्ण खरे नाही. मोबाइलचा टॉर्च सगळ्यांकडे असतो. अ‍ॅपर्चर उघडून मागून उजेड टाकला, की धुरकटपणा, कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आणि दोन भिंगांमधला डिंक सुटल्याचे कडेचे इंद्रधनुषी रंग दिसतात. पुसल्याच्या बारीक रेघांनी फारसे बिघडत नाही. लाइट्झ सुमारची पुढची काच मऊ असल्याने ती जवळजवळ नेहमीच ओरखडलेली मिळते. जुन्या कॅननच्या 50 एफ/1.8 मध्ये अ‍ॅपर्चरमागच्या काचेवर साचणारे धुके मात्र पुसून जातेच असे नाही, काच खाल्लेली असू शकते. तिथे भाव करत बसू नये, उठावे. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडे मागच्या कड्याचा, बंद अ‍ॅपर्चरचा आणि टॉर्चच्या उजेडातला असे फोटो मागावेत. पुढच्या नावाचे पाच फोटो पाठवून मागचा एकही न देणारा पुरेसे सांगून जातो.

चौथा आक्षेप नव्या पिढीचा: डिजिटल कॅमेऱ्यावर पडद्यात पाहूनच फोकस करायचा, तर मागच्या कड्याचे काय? तिथे मी निम्मी माघार घेतो. मिररलेस कॅमेऱ्यावर 52.4 आणि 51.6 चा तंटा संपतो आणि झेनिटची लेन्सही योग्य लांबीच्या अ‍ॅडॅप्टरवर छान चालते. पण मग रेंजफाइंडर जोडणीचा जादा भाव का द्यायचा, हा प्रश्न तितकाच खरा, आणि त्याचे उत्तरही मागच्या बाजूवरूनच ठरते.

फिल्मवर ज्युपिटर वापरायचीच असेल, तर उपाय पत्र्याच्या शिमचा आहे. भिंगांचा गट आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये पातळ कडी असते. ती शतांश मिलिमीटरच्या हिशेबाने जाड केली, की लायकावर एक मीटरचा फोकस जागेवर येतो. त्याची किंमत अनंतावर चुकती होते. एफ/2 ला दूरचे डोंगर मऊ येतात, एफ/5.6 ला चूक झाकली जाते. माणसांचे चेहरे काढणाऱ्याने जवळच्यासाठी शिम घालून घ्यावी. किल्ले काढणाऱ्याने आहे तशी ठेवावी आणि जवळ जाताना अ‍ॅपर्चर दोन घरे बंद करावे.