तीन पिढ्यांची नावे आणि पाण्याखालचे गाव

भाद्रपद वद्य पक्ष लागला की घरोघरी पंचांग उघडते आणि वडिलांची तिथी कधी येते याची विचारणा सुरू होते. तिथी बहुधा मिळते. अडते ते पुढेच. सांवत्सरिक श्राद्धास पिता, पितामह आणि प्रपितामह यांचा वसु, रुद्र व आदित्य या रूपांनी उच्चार केला की भागते. महालयाचे तसे नाही. तेथे पितृत्रयी, मातृत्रयी, मातामहत्रयी, चुलते, मामा, आत्या, मावशी, सासरा, गुरू, आप्त असा सारा गोतावळा नाम-गोत्रासह पाचारावा लागतो. पुरोहित संकल्प सांगू लागतो, यजमान दोन नावे धडाधड घेतो आणि तिसऱ्यापाशी थांबतो. पत्नीकडे पाहतो, पत्नी सासूकडे पाहते. प्रपितामहीचे नाव तर शंभरांत दहा घरी तरी निघत असेल की नाही, याची आम्हांस शंका आहे.

शास्त्राने या अडचणीचा विचार केलेला आहे. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप गोत्र म्हणावे. पित्याचे नाव ठाऊक नसेल तर पृथ्वीषत्, पितामहाचे नसेल तर अंतरिक्षसत् आणि प्रपितामहाचे नसेल तर दिविषत् असा उच्चार करावा, असे धर्मग्रंथांत सांगितले आहे. पृथ्वीवर, अंतरिक्षात आणि द्युलोकात बसलेले ते पितर! कल्पना मोठी उदात्त आहे, यात संशय नाही. परंतु ज्याला सर्व प्रयत्न करूनही काहीच कळले नाही, त्याच्यासाठी ही सोय आहे. विचारून पाहण्याचा कंटाळा आलेल्याने तिचा आधार घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमचे वास्तव्य वज्रेश्वरीस. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई जिंकली आणि देवीस बोललेला नवस फेडण्यासाठी हे देवालय उभे राहिले, हे वाचकांस ठाऊकच आहे. त्या वसईकडील ख्रिस्ती बांधवांच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या वह्या ठेवण्याची चाल आहे. लहानशा गावातील मनुष्याची जन्मापासून मरणापर्यंतची नोंद त्याच गावच्या देवघरी राहते. आपल्याकडे गावच्या देवळात अशी वही नसे. आपला शेतकरी गावात नाव लिहून ठेवीत नसे; तो आयुष्यात एकदा तीर्थास जाई आणि तेथे आपले नाव ठेवून येई. म्हणून डोंगराआडच्या वीस उंबऱ्यांच्या गावाचा इतिहास शोधायचा तर नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथे जावे लागते. अमेरिकेतील युटा प्रांतातल्या वंशावळी जमविणाऱ्या मंडळाने हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे करून नेली. परक्यांस त्यांचे मोल कळले, एवढे सांगून हा विषय सोडू.

भिवंडी हे तर मूळ गाव दुसरीकडे असणाऱ्यांचे नगर. मागाच्या धंद्याबरोबर तेलंगणातून पद्मशाली आले, उत्तरेकडून विणकर आले, आता गोदामांच्या निमित्ताने देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येत आहेत. त्यांतच कोयनेचे लोकही आहेत. पाटण तालुक्यात कोयनेवर धरण झाले, १९६० च्या सुमारास शिवसागराचे पाणी चढू लागले आणि जावळी-पाटणच्या खोऱ्यातील सुमारे शंभर गावांना त्याची झळ लागली. उठलेल्या कुटुंबांपैकी पुष्कळांना ठाणे, कुलाबा, रत्नागिरी अशा दूरच्या जिल्ह्यांत जमिनी मिळाल्या. येताना त्यांनी गावची जननी आणि भैरव बरोबर आणले. वसाहतीत आधी देवाची घुमटी उभी राहिली, मग घरे. देव आणता आले, परंतु गावकीची स्मृती वाटेत सांडली.

अशाच एका घरचे पन्नाशीचे गृहस्थ, एका गोदामात कारकुनी करणारे, मागील वर्षी पितृपक्षाच्या आधी आमच्याकडे आले. म्हणाले, “बुवा, आजोबांपर्यंत नावं येतात. पुढं गावच पाण्यात गेलं. विचारायचं कुणाला?”

आम्ही त्यांना उलट विचारले, “तुमच्या घरात माहेरवाशीण म्हणून सर्वांत वडील कोण?” याचे कारण आहे. सून सासऱ्याचे नाव घेत नाही, पत्नी पतीचे नाव घेत नाही. म्हणून घरातल्या सुनांच्या तोंडी पूर्वजांची नावे फारशी राहात नाहीत. लेकींस ते बंधन नसते. त्यांच्या थोरल्या आत्या ऐंशी ओलांडलेल्या, साताऱ्याकडे मुलीपाशी राहतात, असे कळले. आम्ही त्यांना प्रथम तिकडे धाडले, वह्यांकडे नंतर. वह्या आणखी दहा वर्षे थांबतील. ऐंशीच्या घरातील स्मरणशक्तीचे तसे सांगवत नाही.

आत्यांनी आजोबांच्या वडिलांचे नाव तत्काळ सांगितले. आजीचे विचारताच त्या हसल्या. “तिला समदी थोरली म्हनायची. बाईमानसाचं नाव कोन घेतंय?” मात्र त्यांनी एक मोलाची खूण दिली. आजा नाशकास गंगेवर जाऊन आला होता आणि तेथून आणलेली तांब्याची लोटी वसाहतीतल्या देव्हाऱ्यात आहे. ती लोटी त्या गृहस्थांनी जन्मभर पुजली होती. कोठून आली, हे कधी पुसले नव्हते.

घाटावर या कामाचा दुसरा आधार म्हणजे हेळवी. पूर्वी बैलावर बसून सुगीनंतर गावोगाव येणारा, घरापुढे उभा राहून पिढ्या म्हणून दाखविणारा आणि नव्या जन्मलेल्यांची नावे टिपून धान्य घेऊन जाणारा हा वंशावळीचा राखणदार सातारा, सांगली, कोल्हापूरकडे आजही आढळतो. परंतु त्याचा सारा हिशेब गावावर चालतो. गाव उठले की हेळव्याची वाटही मोडते. आमच्या या गृहस्थांकडे भिवंडीस एकही हेळवी कधी आला नव्हता.

कागदाचा आधार मात्र अनपेक्षित ठिकाणी निघाला. जमिनी सरकारने घेतल्या तेव्हा भूसंपादनाचे निवाडे झाले. पुढे प्रकल्पग्रस्तांच्या कुटुंबांची संकलन रजिस्टरे झाली. त्यांत खातेदाराचे नाव बापाच्या नावासह असते. ज्या कागदाने गाव गेले, त्याच कागदात आजोबांचे नाव नीट जपलेले होते! याखेरीज जुने सातबारे, फेरफार, शाळेची रजिस्टरे, जन्ममृत्यूचा गाव नमुना १४ हेही पाहावे. जुने दप्तर बहुधा मोडीत असते. २०२३ साली मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांस एकाएकी केवढी मागणी आली! आमच्या तरुणपणी आम्ही मोडी शिकलो तेव्हा लोक हसत असत. असो.

नाशिकास आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. रामकुंडावर क्षेत्रोपाध्ये आधी गाव विचारतात, आडनाव मागाहून. कोणत्या प्रांताचे यात्रेकरू कोणत्या घराकडे, हे परंपरेने ठरलेले असल्याने तीन घरे विचारीत आम्ही चौथ्या घरी पोहोचलो. पाण्यात गेलेल्या त्या गावाचे नाव काढताच उपाध्यायांनी वही काढली. नकाशावरून पुसलेले गाव त्या वहीत आपल्या जागी शाबूत होते.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. आपल्याकडे नातवास आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आहे. त्यामुळे वहीत तेच नाव, तेच आडनाव आणि तेच गाव साठ वर्षांच्या अंतराने दोनदा भेटते आणि मनुष्य एक पिढी गाळून मोकळा होतो. यावर उपाय एकच. केवळ बापलेकांची जोडी पाहू नये. भावांची नावे, मुलांचा क्रम आणि शक तिन्ही जुळवून पाहावेत. आम्हांसही तेथे अशा दोन नोंदी मिळाल्या. निवाड्यातील आजोबांचे नाव आणि आत्यांनी सांगितलेले दोघे चुलत आजोबा ज्या नोंदीत एकत्र आले, ती शके १८५४ ची, म्हणजे १९३२ च्या सिंहस्थातली. तीच खरी.

मोडी अक्षर घाईचे होते. आम्ही बोट ठेवून वाचीत गेलो. प्रपितामह, त्यांचे वडील, दोघे बंधू, तिघे पुत्र; आणि शेवटच्या ओळीत ‘स्त्री’ म्हणून नाव, पुढे तिच्या माहेरचे गाव. घरात सारे जिला ‘थोरली’ म्हणत, तिचे नाव तिच्या पणतवाच्या कानी प्रथमच पडले. गृहस्थांनी ते पुन्हा वाचावयास सांगितले. मग पुन्हा एकदा. ती नावे आम्ही येथे देत नाही. ती त्या घराची आहेत.

उपाध्यायांनी वही त्यांच्यापुढे सरकवून लेखणी दिली. गावाच्या जागी त्यांचा हात थबकला. उपाध्याय म्हणाले, “मूळ गाव वर लिहा. खाली ‘हल्ली मुक्काम भिवंडी’ असं लिहा, म्हणजे तुमची नातवंडं आली तर चुकायची नाहीत.” त्यांनी तसे लिहिले. पत्नीचे नाव तिच्या माहेरच्या गावासह लिहिले. मुली दोन, त्यांची लिहावी का, असे त्यांनी आमच्याकडे पाहून विचारले. आम्ही लिहावयास सांगितले.

यंदा त्यांच्या घरी महालय अष्टमीस आहे. नावांची यादी त्यांनी आम्हांस आधीच आणून दाखविली. मातामहत्रयीत अद्याप दोन जागा मोकळ्या आहेत. आईचे माहेर त्याच खोऱ्यातले, परंतु डोंगराच्या वरच्या अंगाचे, पाणी तेथवर चढलेले नाही. दिवाळीच्या सुटीत ते तिकडे जाणार आहेत. तेथे एक मावशी आहेत, पंच्याऐंशीच्या.