गंधकाच्या अणूवर एक ऑक्सिजन

आदिलाबादच्या काळ्या जमिनीत कपाशी पिकते आणि कपाशीबरोबर मावा, तुडतुडे व फुलकिडेही येतात. त्यांच्यावर फवारल्या जाणाऱ्या औषधांपैकी ‘फिप्रोनिल’ हे एक होय. त्याच्या रेणूची घडण कशी होते, हे विद्यार्थिमित्रांस थोडक्यात सांगण्याचा आमचा हेतू आहे.

या रेणूत गंधकाचा एक अणू असून त्याला कार्बनचा अणू व त्या कार्बनला फ्लोरिनचे तीन अणू जोडलेले असतात. कार्बन व फ्लोरिन यांचा बंध अतिशय बळकट असतो. शिवाय हा गट स्निग्ध पदार्थांत सहज मिसळतो, म्हणून कीटकांच्या शरीरात शिरणे औषधाला सुलभ होते.

परंतु हा गट जोडावा कसा? एका प्रसिद्ध रीतीत प्रथम दोन रेणू गंधकाच्या दोन अणूंनी एकमेकांस जोडून घेतात. मग ब्रोमोट्रायफ्लोरोमिथेन हा वायू सोडतात. सोडियम फॉर्मेट व सल्फर डायऑक्साइड यांच्या साहाय्याने त्यातील ब्रोमिन सुटतो आणि उरलेला चंचल तुकडा गंधकांची जोडी फोडून एका गंधकास जाऊन चिकटतो. हाच वायू पूर्वी अग्निशामक यंत्रांत वापरीत. पण त्याने ओझोनचा थर झिजतो, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रिअल कराराने त्यावर निर्बंध घातले. फ्रेंच रसायनज्ञ लांगल्वा यांच्या नावाने ओळखला जाणारा घन क्षार वापरूनही हा गट जोडता येतो, आणि घन पदार्थ हाताळणे वायूपेक्षा सोपे असते.

यापुढील पायरी नाजूक आहे. गंधकावर ऑक्सिजनचा नेमका एकच अणू चढवावयाचा असतो. हायड्रोजन परऑक्साइडपासून केलेल्या पराम्लाने तो चढतो. मात्र क्रिया वेळीच न थांबविल्यास दुसराही चढतो व निराळाच पदार्थ, म्हणजे सल्फोन, तयार होतो. रसायनज्ञ एकावर थांबतो. निसर्ग मात्र थांबत नाही. जमिनीत व प्राण्यांच्या देहात फिप्रोनिलवर दुसरा ऑक्सिजन चढतो, आणि तो सल्फोनही विषारी व चिवट असतो.

कीटकांच्या मज्जातंतूंत क्लोराइड कणांना वाट देणारी द्वारे असतात. त्यांमुळे मज्जातंतू शांत राहतात. फिप्रोनिल ती द्वारे बंद करते, तेव्हा कीटक अतिउत्तेजित होऊन मरतो. मधमाशीचेही तसेच होते. म्हणूनच २०१३ साली युरोपीय संघाने या औषधाच्या वापरावर निर्बंध आणले. माणसाच्या शरीरातील द्वारांवर त्याची पकड तुलनेने सैल असली, तरी ते निरुपद्रवी ठरत नाही.

पैनगंगेपलीकडील यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर विविध कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. तेव्हा ज्यांच्या घरी फवारणीचा पंप आहे, त्या मुलामुलींनी डब्यावरील सूचना वडीलधाऱ्यांस मोठ्याने वाचून दाखवाव्यात. हातमोजे व मुखपट्टी वापरण्याचा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने न फवारण्याचा आणि फुलांवर मधमाश्या असताना फवारणी टाळण्याचा आग्रह धरावा. रसायनशास्त्राचे ज्ञान शेताच्या बांधापर्यंत पोचले, तरच ते सार्थकी लागले असे आम्ही समजतो.