फिरत्या चित्रीकरणांतील ध्वनिमुद्रणाचीं साधनें : त्यांची निवड व उपयोग

सन १८९१ मध्यें ॲक्वर्थ व शाळिग्राम यांनीं ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापून प्रसिद्ध केला, आणि १९२८ पासून यशवंत नरसिंह केळकर यांनीं तें काम पुढें चालविलें, ही हकीगत इतिहाससंशोधकांस नवी नाहीं. अफझलखानाच्या वधावरील पोवाडा आज आपणांस मुद्रित स्वरूपांत वाचावयास मिळतो. परंतु तो म्हणणारा श्वास कोठें घेई, कोणता चरण दोनदां म्हणे, झीलकरी कोणत्या शब्दावर उचल घेत, हें त्या पानांवरून समजण्यास मार्ग नाहीं. शब्द राहिले, गळा गेला. विशेष हें कीं, तो संग्रह निघण्याच्या आदल्याच वर्षीं, १८९० त, अमेरिकेंत फ्यूक्स यांनीं पासामाकोडी लोकांचीं गाणीं एडिसनच्या यंत्रानें मेणाच्या नळकांड्यांवर उतरून घेतलीं होतीं. म्हणजे साधन जगांत होतें. आपल्याकडे तें या कामीं आलें नाहीं इतकेंच.

आज संशोधक पोथी शोधावयास निघतो तेव्हां त्याच्या पिशवींत कॅमेरा असतो. गोंधळी, शाहीर, मोडी वाचणारे वृद्ध कारकून, देवस्थानचे पुजारी यांचें चित्रीकरण होऊं लागलें आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्यांपैकीं बऱ्याच फितींत चित्र स्वच्छ आणि शब्द मात्र अस्पष्ट, असा प्रकार आढळतो. चित्रांतील दोष डोळ्यांस तत्काळ दिसतो. ध्वनींतील दोष घरीं येऊन ऐकल्यावर कळतो, आणि तोंवर गांव मागें राहिलेलें असतें. म्हणून या साधनांविषयीं कांहीं विवेचन करण्याचें योजिलें आहे.

प्रथम आमचीच चूक सांगणें प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं एका वयोवृद्ध गोंधळ्याचें आख्यान चित्रित केलें. कॅमेरा बारा फुटांवर तिवईवर ठेवला होता व ध्वनि कॅमेऱ्याच्या अंगच्याच मायक्रोफोननें घेतला होता. त्या यंत्रांत ध्वनीची पातळी आपोआप कमीजास्त करण्याची योजना असते. संबळावर टिपरी पडली कीं यंत्र आपला कान मिटून घेई, त्याबरोबर गाणाऱ्याचा शब्दही बुडे. संबळ थांबला कीं तोच कान उघडून छतावरच्या पंख्याची घरघर भरून घेई. आख्यान लिहून काढतांना तीन ठिकाणीं, कसर लागलेल्या कागदाच्या नकलेंत सोडतों तशी, जागा रिकामी सोडावी लागली. दुसऱ्या वर्षीं पुन्हा गेलों तेव्हां तो गृहस्थ हयात नव्हता. त्याच्या नातवास आख्यान अर्धें येतें. नेमके ते चरण येत नाहींत.

यावरून पहिला नियम असा कीं, चित्र घेणारें यंत्र व ध्वनि घेणारें यंत्र हीं वेगळीं असावीं. ही गोष्ट चित्रपटाच्या धंद्यांतील लोकांस फार पूर्वींच कळली. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत लागलेला ‘आलम आरा’ हा बोलपट एकाच फितीवर चित्र व ध्वनि दोन्ही उतरविणाऱ्या यंत्रावर घेतला होता. स्टुडिओजवळून आगगाड्या जात म्हणून चित्रीकरण बहुधा रात्रीं करीत, आणि मायक्रोफोन नटांच्या आसपास लपवून ठेवीत. एका फितीच्या पद्धतींत अडचण अशी कीं, चित्र जेथें तोडावें तेथेंच ध्वनीही तुटतो. (त्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं, हें संग्राहकांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे.) पुढें दोन यंत्रांची पद्धति रूढ झाली, परंतु ध्वनीचें यंत्र इतकें अवजड असे कीं तें मोटारींत घालून न्यावें लागे.

तें खांद्यावर आणण्याचें श्रेय मुख्यत्वें स्टेफान कुडेल्स्की या पोलंडांत जन्मलेल्या व स्वित्झर्लंडांत राहिलेल्या अभियंत्यास आहे. त्याचें ‘नाग्रा’ नांवाचें पहिलें यंत्र १९५१ चें. नांव पोलिश भाषेंतील असून त्याचा अर्थ ‘ध्वनिमुद्रण करील’ असा होतो. त्या यंत्राची चक्रें घड्याळाप्रमाणें किल्लीच्या कमानीवर फिरत. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस निघालेल्या तिसऱ्या नाग्रांत ट्रान्झिस्टर आले व चक्राची गति विजेच्या योगें काटेकोर राखली गेली. पाव इंच रुंदीच्या फितीवर चालणारें हें यंत्र पुढें कित्येक वर्षें जगभरच्या चित्रपटांच्या बाहेरच्या कामांत वापरलें जात होतें.

येथें मुख्य अडचण समजून घेतली पाहिजे. दोन यंत्रें म्हणजे दोन घड्याळें; आणि दोन घड्याळें कधीं तंतोतंत जुळत नाहींत. मराठेशाहींतील कागद वाचणारांस हें सांगणें सोपें आहे. सुहूर सन सौर आणि हिजरी सन चांद्र; दोहोंत वर्षाला सुमारें अकरा दिवसांचा फरक पडत जातो, व जंत्रीवांचून मेळ बसत नाहीं. तोच प्रकार येथें सूक्ष्म मानानें होतो. नाग्राच्या काळीं कॅमेऱ्याच्या मोटरीपासून निघणारी गतीची खूण तारेनें ध्वनियंत्रांत नेऊन त्याच फितीवर शब्दांबरोबर नोंदवीत; मागून त्या खुणेच्या आधारें ध्वनि चित्राच्या गतीशीं जुळवून घेत. पुढें दोन्ही यंत्रांत गारगोटीचे स्फटिक बसूं लागले, प्रत्येक यंत्र आपापली गति स्वतंत्रपणें अचूक राखूं लागलें, आणि मधली तार गेली.

आजचीं यंत्रेंही स्फटिकावरच चालतात, पण सर्व स्फटिक सारख्या प्रतीचे नसतात. दोन यंत्रांत दहा लाखांत वीस भाग इतका फरक असला, तर तासाभरांत ०.०७२ सेकंद इतकें अंतर पडतें. सेकंदास २५ चित्रें या मानानें एक चित्र ०.०४ सेकंदाचें, म्हणजे तासाअखेर ओठ व शब्द यांत पावणेदोन चित्रांहून थोडें अधिक अंतर पडलें. चौकट चौकट पाहणारास तें जाणवूं लागतें. हाच फरक दहा लाखांत एक भाग असेल तर तासास ०.००३६ सेकंदच चूक होते, व तिची कोणासही दखल लागत नाहीं. गोंधळ रात्रभर चालतो, हें ध्यानांत ठेवून खरेदी करावी. ज्या यंत्रांत कालांकाची सोय आहे, म्हणजे तास, मिनिट, सेकंद व चित्राचा क्रमांक ध्वनीबरोबरच नोंदला जातो, तें घेतल्यास उत्तम. कॅमेरा व रेकॉर्डर यांचे कालांक सकाळीं एकदां जुळवावे व दुपारीं पुन्हा जुळवावे. ही सोय नसेल तर लांकडाची पाटी आपटावी. तीही नसेल तर कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी. आम्ही कालांक असतांही टाळी वाजवितों. टाळीस बॅटरी लागत नाहीं.

रेकॉर्डर निवडतांना पुष्कळ लोक त्यावरील बटणें मोजतात. आमच्या मतें तीन गोष्टी पाहाव्या. मंद आवाज मोठा करतांना यंत्र स्वतःचा सूसू असा नाद किती मिसळतें, ही पहिली. मोडी वाचणाऱ्या वृद्धाचा आवाज मंदच असतो. धंदेवाईक मायक्रोफोनास लागणारी ४८ व्होल्टची वीज यंत्र स्वतः पुरवितें काय, ही दुसरी. आणि बाजारांत सहज मिळणाऱ्या बॅटऱ्यांवर तें किती वेळ चालतें, ही तिसरी. नोंद सेकंदास ४८,००० नमुने व २४ बिट या मानानें करावी. जुन्या १६ बिटांच्या नोंदींत अत्यंत मंद व अत्यंत मोठा यांमधील अंतर कागदोपत्रीं ९६ डेसिबल मिळे. २४ बिटांत तें १४४ होतें. म्हणून पातळी कमाल रेषेच्या खालीं १२ ते २० डेसिबल ठेवली तरी कांहीं बिघडत नाहीं, आणि संबळाचा अकस्मात् घाव सामावून जातो. कमाल रेषा ओलांडून कापला गेलेला आवाज मागाहून पुरा सुधारत नाहीं.

२०१९ च्या सुमारास ३२ बिटांच्या तरत्या अंकपद्धतीचीं लहान यंत्रें बाजारांत आलीं. त्यांत पातळी चुकली तरी मागून ती खालींवर करतां येते, म्हणून एकट्या फिरणाऱ्या संशोधकास तीं खरोखर उपयोगी आहेत. पण कांहीं विक्रेते सांगतात तसें त्यांनीं सर्व संकट टळतें असें नाहीं. मायक्रोफोनच आवाजानें गुदमरला, किंवा पंख्याची घरघर शब्दांत मिसळली, तर अंक कितीही तरते असोत, उपाय नाहीं.

तेव्हां खरा प्रश्न मायक्रोफोनचा व तो कोठें ठेवावा याचा. उपलब्ध पैशांपैकीं मोठा भाग यावर खर्च करावा, रेकॉर्डर मध्यम असला तरी चालेल, असें आमचें स्पष्ट मत आहे. मायक्रोफोन बोलणाऱ्यापासून दुप्पट लांब नेला कीं त्याचा प्रत्यक्ष आवाज ६ डेसिबलांनीं उतरतो; खोलींतील घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून लांबून घेतलेला आवाज विहिरींतून आल्यासारखा वाटतो. तोंडापासून हात-दीड हात अंतरावर, चौकटीच्या किंचित् बाहेर, वरून खालीं रोखलेला मायक्रोफोन काठीला बांधून धरणें ही सर्वांत चांगली रीत. उघड्या अंगणांत लांब नळीचा, एकाच दिशेनें ऐकणारा मायक्रोफोन उपयोगी पडतो. तोच देवळाच्या गाभाऱ्यांत किंवा लहान माजघरांत नेला तर भिंतींवरून परतलेला नाद त्याच्या नळींत शिरून शब्दास विचित्र रंग चढतो. तेथें आखूड अंगाचा बरा.

कपड्यांत लपविण्याचा लहान मायक्रोफोन मुलाखतीस सोयीचा. गोंधळ्याच्या अंगावर मात्र तो लावूं नये, कारण कवड्यांच्या माळा प्रत्येक हालचालीबरोबर त्यावर खडखडतात. संबळ, तुणतुणें व गळा यांस एकच मायक्रोफोन असेल तर तो गाणाऱ्याजवळ आणि संबळापासून तोंड फिरवून ठेवावा. संबळ तरीही ऐकूं येईल, त्याची काळजी नको. दोन मायक्रोफोन असल्यास दुसरा झीलकऱ्यांपाशीं द्यावा व त्याची नोंद स्वतंत्र पट्टींत ठेवावी. जागच्या जागीं दोन्ही मिसळूं नयेत. मिसळलेलें वेगळें करणें हें दोन हस्ताक्षरें एकमेकांवर गिरवलेल्या ओळी वाचण्यासारखें आहे.

बाहेर वाऱ्यासाठीं केसाळ आवरण अवश्य घालावें. नुसता स्पंज गडकिल्ल्यांवरच्या वाऱ्यापुढें टिकत नाहीं. कान झांकणारे हेडफोन घालून सर्व वेळ ऐकत बसणारा एक स्वतंत्र मनुष्य असावा. पंखा, पाण्याचा पंप, फ्रीज हीं यजमानाच्या अनुमतीनें बंद करावीं, व निघतांना आठवणीनें पुन्हा चालू करावीं, नाहींतर पुढच्या खेपेस त्या घरीं स्वागत होणार नाहीं. सर्व झाल्यावर कोणींही न बोलतां त्या जागेची नुसती शांतता अर्धा-एक मिनिट नोंदून घ्यावी. चित्र जोडतांना मधल्या फटी तिनें बुजवितां येतात. कागदाची सळसळ मात्र टाळूं नये. रुमाल सोडतांना होणारा तो आवाज आपल्यापैकीं कोणाच्या ओळखीचा नाहीं?

आतां जतनाविषयीं. पोथीच्या शेवटीं पुष्पिका नसली म्हणजे काळ, स्थळ व लेखनिक ठरवितांना किती खटाटोप पडतो तें आपण जाणतोंच. म्हणून ध्वनिमुद्रणाच्या आरंभींच स्वतःच्या तोंडानें मिती, तारीख, गांव, तालुका, म्हणणाऱ्याचें नांव, तें आख्यान त्यानें कोणापासून शिकलें, व हजर कोण, हें बोलून घ्यावें. ‘ब्रॉडकास्ट वेव्ह’ नांवाच्या, १९९७ पासून रूढ झालेल्या स्वरूपांत नोंदीच्या पोटांतच असा मजकूर व काळ लिहितां येतो. तो कोरा ठेवूं नये. वर सांगितलेल्या मानानें एका पट्टीस तासाला सुमारें ५१८ मेगाबाइट जागा लागते. जागा वाचविण्यासाठीं मूळ नोंद दाबून लहान करणें म्हणजे अस्सल जाळून गोषवारा ठेवणें होय.

नोंदीच्या तीन प्रती असाव्या, व त्यांपैकीं एक दुसऱ्या गांवीं असावी. प्रती दरवर्षीं उघडून पाहाव्या. १९८७ त निघालेल्या डॅट फितींवर अनेकांनीं विश्वासानें मुद्रणें केलीं. २००५ त त्या यंत्रांची शेवटची निर्मिती थांबली. आज फीत हातीं असून ती वाचणारें यंत्र मिळविण्यास वणवण करावी लागते. ज्यांच्या कपाटांत अशा फिती आहेत त्यांनीं त्यांची नक्कल करून घेण्यास विलंब लावूं नये. गी पॉइटेव्हिन व हेमा राईरकर यांच्या प्रयत्नानें जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या लिहून निघाल्या आणि त्यांपैकीं कांहींचें ध्वनिमुद्रणही झालें. बाईच्या गळ्यांतली ओवी आणि कागदावरची ओवी यांतील अंतर ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं तीं मुद्रणें ऐकावीं.

म्हणणाऱ्याची अनुमति आधीं घ्यावी, आणि एक प्रत त्याच्या घरीं पोंचवावी. वर सांगितलेल्या गोंधळ्याच्या नातवास आम्हीं ती सदोष फीत नेऊन दिली. तिसऱ्या रिकाम्या जागेशीं आल्यावर त्यानें ती चार वेळां मागें नेऊन ऐकली, आणि आजोबांच्या ओठांच्या हालचालीवरून एक शब्द सांगितला. तो आम्हीं नकलेंत प्रश्नचिन्हासह घातला आहे.