कालव्याकडे तोंड करून उभी हवेली

व्हेनिस आणि पादुआ यांना जोडणारा ब्रेंताचा कालवा म्हणजे मुळात नदीचंच जुनं पात्र. नदीच्या गाळाने आपली खाडी बुजेल या धास्तीने व्हेनिसकरांनी ब्रेंताचा मुख्य प्रवाह दुसरीकडे वळवला. जुन्या पात्रात मात्र लॉकची दारं बसवून बोटींपुरतं पाणी राखलं. या पाण्याच्या दोन्ही काठांवर व्हेनिसच्या सरदार घराण्यांनी व्हिला बांधल्या. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजं कालिकत-गोव्याकडची मिरी थेट लिस्बनला नेऊ लागली आणि व्हेनिसच्या मसाला व्यापाराला हादरा बसला. तिथला पैसा जमिनीकडे वळायचं ते एक कारण. धान्याचे चढे भाव आणि दलदल उपसून हाती आलेली शेती ही तितकीच मोठी कारणं.

सुरुवातीच्या व्हिलांना त्यामुळे कोठारं असत, खळी असत. स्त्रा गावची व्हिला पिसानी मात्र अठराव्या शतकातली, निव्वळ दिमाखासाठी उभारलेली. आल्विझे पिसानी हा फ्रान्सच्या दरबारात व्हेनिसचा राजदूत होता. तिथला व्हर्सायचा राजवाडा त्याने जवळून पाहिला होता. 1735 मध्ये तो दोजे, म्हणजे व्हेनिस गणराज्याचा प्रमुख झाला. बागेचं काम त्याआधीच, 1720च्या सुमारास, पादुआच्या जिरोलामो फ्रिजिमेलिकाने हाती घेतलं होतं. मुख्य वास्तू फ्रान्चेस्को मारिया प्रेतीची. ती पूर्ण झालेली पाहायला आल्विझे राहिला नाही. 1741 मध्येच तो गेला.

या हवेलीचा दर्शनी भाग कालव्याकडे आहे, आणि तो का तसा आहे हे बोटीतूनच कळतं. त्या काळी काठावरून चालणारे घोडे दोराने बोटी ओढत. त्या गतीने पुढे सरकताना ही लांबलचक भिंत बराच वेळ डोळ्यांसमोर राहते. दोन्ही बाजूंना साध्या खिडक्यांच्या रांगा, मध्यभागी कोरिंथियन अर्धस्तंभ आणि वर त्रिकोणी शिखर. दारापाशी दगडी पुरुष वाकून सज्जा पेलतात. रस्त्याने मोटारीतून येणाऱ्याला यातलं अर्धंही दिसत नाही.

आत दोन चौक आणि त्यांच्यामध्ये दोन मजले उंचीचं नृत्यदालन. त्याच्या छतावर जांबात्तिस्ता त्येपोलोने 1760 ते 1762 या काळात पिसानी घराण्याचा गौरव रंगवला. नजर वर गेली की आधी दिसतं ते मोकळं आकाश. माणसं कडेला, ढगांच्या आधाराने, आणि मधला एवढा मोठा निळा भाग जवळजवळ रिकामा. पैसे मोजणाऱ्या यजमानाच्या डोक्यावर इतकी रिकामी जागा सोडायला चित्रकाराच्या अंगी धाडस लागतं. हे काम आटोपून त्येपोलो माद्रिदला गेला, तो परत आलाच नाही. त्याच सुमारास, 1761 मध्ये, नाटककार गोल्दोनी व्हेनिसच्या रंगभूमीवर उन्हाळी मुक्कामापायी कर्जबाजारी होणाऱ्या कुटुंबांची गोष्ट तीन नाटकांतून मांडत होता. 1762 मध्ये तोही पॅरिसला निघून गेला.

छतावरचं वैभव टिकलं नाही. 1797 मध्ये गणराज्य संपलं, पिसानी कर्जात बुडाले आणि 1807 मध्ये त्यांनी हवेली नेपोलियनला विकली. त्याने ती आपला सावत्र मुलगा, इटलीचा व्हाइसरॉय ओझेन द बोआर्ने याला दिली. पुढे 1814 मध्ये ऑस्ट्रियाचे हॅब्सबर्ग आले, 1866 मध्ये इटलीचं राजघराणं. मालक बदलत गेले, वापर तोच राहिला: पाहुण्यांना दिपवायचं. माझ्या मते ही वास्तू कुटुंबाच्या आवाक्यातली कधी नव्हतीच; तिला दरवेळी दरबारच लागला. जून 1934 मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांच्या पहिल्या भेटीसाठी हीच जागा निवडली गेली. डासांनी दोघांनाही हैराण केलं आणि दुसऱ्या दिवशीची बोलणी व्हेनिसच्या लिदो बेटावर हलवावी लागली. कालव्याकाठच्या या जुन्या शेजाऱ्यांनी हुकूमशहांचीही भीड धरली नाही.

खरा नवा वापर केला तो इंजिनिअरांनी. हवेलीपासून मागच्या तबेल्यांपर्यंत जो लांबच लांब जलाशय दिसतो, जो प्रत्येक छायाचित्रात असतो, तो मूळ बागेतला नाही. पादुआ विद्यापीठाच्या जलविज्ञान संस्थेने 1911 मध्ये प्रयोगांसाठी तो बांधून घेतला. पाहणाऱ्याला तो दोजेच्याच काळातला वाटतो, इतका तो जागेत बसला आहे. जो सगळा काठच पाणी वळवून आणि अडवून वापरात आला, तिथे जलविज्ञानाची प्रयोगशाळा होणं मला या हवेलीच्या इतिहासातलं सर्वांत सयुक्तिक पान वाटतं. वास्तुजतनाच्या नावाखाली असे नंतरचे थर खरवडून मूळ रूप काढण्याचा हट्ट जगभर दिसतो. इथे तो झाला असता, तर हा जलाशयच गेला असता.

1882 मध्ये ही वास्तू राष्ट्रीय स्मारक ठरली आणि पुढे संग्रहालय झाली. दिग्दर्शक पासोलिनीने 1969च्या आपल्या ‘पोर्चिले’ चित्रपटाचं चित्रीकरण इथे केलं. फ्रिजिमेलिकाच्या बागेतला भूलभुलैया आजही आहे. कुंपणाची एकात एक वर्तुळं, मध्ये बाहेरून गोल जिने असलेला मनोरा आणि त्याच्या टोकावर मिनर्व्हा या रोमन देवीचा पुतळा. वरून सगळी वाट स्पष्ट दिसते, खाली मात्र पुढचं वळणही नाही. सरदारांच्या करमणुकीसाठी लावलेल्या त्या कुंपणात आता तिकीट काढून आलेली मुलं धावतात, आणि मनोऱ्यावर आधी पोहोचलेली खालच्यांना ओरडून वाट सांगतात.